आर्थर सीट: साहेबाची गोष्ट खरी, पण जागा कुठली?

कोयनाकाठ

महाबळेश्वरला आर्थर सीटच्या कठड्यापाशी उभं राहिलं की शेजारी कुठलातरी गाईड ही गोष्ट सांगत असतोच. आर्थर नावाचा इंग्रज साहेब होता, त्याची बायको आणि तान्ही मुलगी खाली दिसणाऱ्या सावित्री नदीत होडी उलटून बुडाल्या, आणि मग तो रोज इथे येऊन नदीकडे बघत बसायचा, म्हणून हे आर्थरचं आसन. लोक हळहळतात, फोटो काढतात आणि पुढच्या पॉइंटला जातात. मला ही गोष्ट लहानपणापासून फार आवडते, म्हणूनच ती अर्धवट सांगितली जाते याचं वाईट वाटतं आणि त्यासाठीच हा धागा काढतेय.

आर्थर म्हणजे आर्थर मॅलेट. मुंबई इलाख्याच्या मुलकी नोकरीतला अधिकारी, जन्म १८०६, मृत्यू १८८८. पेशव्यांच्या इतिहासात आपण ज्या चार्ल्स मॅलेटचं नाव वाचतो, सवाई माधवरावांच्या दरबारात पुण्याला असलेला इंग्रजांचा रेसिडेंट, त्याचा हा मुलगा. दरबाराच्या त्या प्रसिद्ध तैलचित्रात दिसतो तोच चार्ल्स मॅलेट.

आता कड्यावरून खाली बघा. जी सावित्री दिसते ती डोंगरातून नुकतीच सुटलेली, दगडगोट्यांतून वाहणारी. पावसाळ्यात तिच्या जवळ जायची सोय नाही आणि उन्हाळ्यात उडी मारून पलीकडे जाता येतं, तिथे होडी चालणार कशी? होड्या चालायच्या त्या खाली महाडपासून समुद्रापर्यंत, आणि मॅलेटची बायको सोफिया आणि जेमतेम महिन्याची एलन हॅरिएट गेल्या त्या बाणकोटला, जिथे सावित्री समुद्राला मिळते तिथे. बोटीवरची खलाशी मंडळीसुद्धा त्यांच्याबरोबर गेली, ती तर गोष्टीत कधी येतच नाहीत. मायलेकींचं स्मारक आजही बाणकोटला आहे.

म्हणजे कड्यापासून सरळ रेषेत साठेक किलोमीटर पश्चिमेला. त्याने इथून काही बघितलं असणं शक्यच नाही. पण मला वाटतं त्यामुळे गोष्ट छोटी होत नाही, उलट मोठी होते. ज्या पाण्याने घर बुडवलं ते पाणी जिथून निघतं नेमकं त्या कड्याला त्याचं नाव लागलंय. नदीच्या एका टोकाला थडगं, दुसऱ्या टोकाला आसन. हे गाईड लोकांनी एकदा तरी सांगावं असं मनापासून वाटतं.

तुम्ही कोणी बाणकोटला गेलाय का? आणि या कड्याच्या जुन्या नावाबद्दल, सावित्रीच्या पुराणातल्या गोष्टीबद्दल कोणाला माहिती असेल तर प्लीज लिहा.

---

सदाफुली७

मस्त धागा गं! मला आमच्या गाईडने सांगितलं होतं की साहेबाने शेवटी तिथूनच उडी मारली म्हणून. मी ते खरंच समजत होते इतकी वर्षं.

---

कोयनाकाठ

नाही गं, मॅलेट त्यानंतर खूप वर्षं जगला, मुंबईच्या गव्हर्नरच्या कौन्सिलात सभासदही होता. १८८८ साली गेला तो. उडीबिडी सगळी नंतर चिकटवलेली. कडा दिसला की कोणीतरी उडी मारलीच पाहिजे असं लोकांना का वाटतं कोण जाणे, देशभर जिथे जाल तिथे एक उडी ठरलेली असते.

---

जावळीचा वाघोबा

कोयनाकाठताई, छान लिहिलंत. जुन्या नावाबद्दल सांगतो. आमच्याकडची जुनी माणसं या कड्याला मढीमहाल म्हणायची. साहेब लोक यायच्या आधी हे नाव होतं. तसंच केट्स पॉइंटला नाके खिंड. केट ही गव्हर्नर माल्कमची मुलगी, तिच्या नावाने तो पॉइंट झाला आणि नाके खिंड कोणाला माहीत नाही आता. महाबळेश्वरचे पॉइंट वाचत गेलात तर निम्मं मुंबई सरकार तिथे भेटतं, एल्फिन्स्टन, माल्कम, लॉडविक, बॅबिंग्टन. माझा राग नाही त्या नावांवर, पण बोर्डावर खाली बारीक अक्षरात तरी जुनं नाव असायला हवं की नको? गावातल्या पोरांना विचारलं मढीमहाल कुठे तर ती म्हणतात हॉटेल आहे का.

दुसरी गोष्ट, आर्थर सीट बघायचं असेल तर खरं खालून बघावं. वरून ती फक्त दरी आहे. पोलादपूरकडून ढवळ्याला जायचं, तिथून चंद्रगड, आणि मग ढवळे घाटाने वर. चंद्रगड म्हणजे चंद्ररावांच्या, जावळीच्या मोऱ्यांच्या मुलखातला किल्ला, १६५६ साली महाराजांनी जावळी घेतली तेव्हा तोही आला. घाटवाट दाट जंगलातून चढते, मध्ये बहिरीची घुमटी लागते, जवळ जोरचं पाणी, तिथे बाटल्या भरून घ्यायच्या कारण नंतर वरपर्यंत काही भरवसा नाही. घुमटीच्या वर आलं की तो कडा एकदम अंगावर येतो. थरांवर थर, काळे, मध्येच लालसर, मध्ये गवताची पट्टी, परत काळा कातळ, असं करत करत वर जातं आणि अगदी टोकाला कठड्यावरची माणसं दिसतात एवढुशी. एकदा आमच्यातल्या एकाने खालून आरोळी ठोकली तर वरून कोणीतरी उत्तर दिलं, आम्ही सगळे जाम खूश.

---

बेसाल्ट

वाघोबा, ते थर म्हणजे लाव्हाचे प्रवाह. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर एकावर एक लाव्हा पसरत गेला, प्रत्येक थर निवला की त्यावर पुढचा. कठीण थराचा उभा कातळ होतो आणि त्यामधले मऊ भाग झिजून पट्ट्या होतात, तिथे माती साठते आणि गवत धरतं, तुम्ही म्हणताय ते हेच. अगदी माथ्यावर महाबळेश्वरची ती तांबडी सच्छिद्र जांभ्याची टोपी. सह्याद्रीचा हा सगळा इतिहास एका नजरेत बघायचा असेल तर आर्थर सीटसारखी जागा नाही, जगभरातले भूगर्भवाले महाबळेश्वरच्या घाटांत येऊन दगड मोजतात ते उगाच नाही.

आणि पश्चिमेचा वारा थेट या भिंतीवर आपटतो आणि त्याला वर जाण्याशिवाय रस्ता नसतो, म्हणून हलकी वस्तू खाली टाकली की वर तरंगत येते. त्याच्यासाठी लोक बाटल्यांची बुचं, कागद टाकतात. कृपा करून नका टाकू. सगळं काही वर येत नाही, जे येत नाही ते सावित्रीच्या उगमात जाऊन पडतं.

---

निवांत_नाशिक

यावरून आठवलं, स्कॉटलंडमध्ये एडिंबरोला पण आर्थर्स सीट नावाची टेकडी आहे, शहराच्या मधोमध. मुलगा तिथे शिकायला आहे, त्याने फोटो पाठवला तेव्हा मला वाटलं महाबळेश्वरचा. माल्कम स्वतः स्कॉटिश होता. मग नाव तिकडून आलं असेल आणि मॅलेटची गोष्ट नंतर जोडली असेल असं नाही का होऊ शकत?

---

कोयनाकाठ

काका, प्रश्न चांगला आहे. माल्कम गव्हर्नर होता १८२७ ते १८३०. १८२९ साली त्याने साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी करार करून खंडाळा गाव देऊन इथली जागा घेतली आणि गावाला माल्कम पेठ नाव पडलं. मॅलेट तेव्हा विशीतला होता. नाव मॅलेटवरूनच पडलं हे ठरलेलं आहे, पण ज्यांनी ठेवलं त्यांना घरची टेकडी आठवली नसेल असं मी तरी म्हणणार नाही. आर्थर नावाचा माणूस मिळाला आणि कडा मिळाला, मग सीट शब्द ओठावर यायला वेळ किती लागणार.

---

सहज सुचलं

एका ब्लॉगवर बोट बुडाली ते साल १७९१ वाचलंय. बरोबर आहे का?

---

कोयनाकाठ

नाही, शक्य नाही. आर्थरचा जन्मच १८०६ चा. १७९१ ला त्याचे वडील पुण्याला रेसिडेंट होते. शिवाय लॉडविक हा इंग्रज अधिकारी इथे चढला १८२४ ला, त्याच्या आधी महाबळेश्वरचं हिल स्टेशन नव्हतंच. घटना एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरची आहे. ते चुकीचं साल एकाचं बघून दुसऱ्याने असं फिरत राहिलंय, कृपया पुढे पाठवू नका.

---

महाडची माया

मी महाडची, त्यामुळे सावित्रीबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आज कोणाला सांगून पटत नाही पण महाड हे बंदर होतं. भरतीच्या पाण्याबरोबर गलबतं खाडीतून आत यायची, दासगावपर्यंत मोठी आणि पुढे महाडपर्यंत लहान. मुंबईहून महाबळेश्वरला जायचा जुना रस्ता हाच होता, समुद्राने बाणकोट, तिथून सावित्रीने महाड, मग पोलादपूर आणि पार घाटाने वर. रेल्वे आणि पुण्याकडचा रस्ता सोयीचा झाला तसा हा मागे पडला. म्हणजे मॅलेटच्या बायकोची बोट बाणकोटला का होती हे कोडं नाही, आमची सावित्री म्हणजेच तेव्हाचा हायवे होता. आणि बाणकोटला तर इंग्रज मॅलेटच्या जन्माच्या पन्नास वर्षं आधीपासून बसलेले, आंग्र्यांकडून किल्ला घेऊन त्याला फोर्ट व्हिक्टोरिया नाव दिलेलं. आपलं नाव हिम्मतगड.

खाडीच्या तोंडाशी वाळू साचते आणि तिच्यावर लाटा फुटतात. आत खाडीत पाणी कितीही शांत असलं तरी तेवढा पट्टा ओलांडताना तांडेलाचं सगळं कसब लागतं, ओहोटी आणि बाहेरून वारा असं जमून आलं तर अजूनच. आमच्या घरात एक आजोबा गलबतावर होते, ते म्हणायचे दर्याला भ्यायचं नाही, तोंडाला भ्यायचं.

सावित्री काय करू शकते ते आम्ही २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पाहिलंय. महाडजवळचा इंग्रजांच्या काळातला पूल पुरात गेला, दोन एसट्या आणि इतर गाड्या गेल्या. माणसं खाली पार समुद्रापर्यंत वाहत गेली होती, शोधणारे किनाऱ्या-किनाऱ्याने फिरत होते. नवीन पूल वर्षाच्या आत झाला पण अजूनही त्याच्यावरून जाताना बसमध्ये आवाज बंद होतात. म्हणून आर्थर सीटवर कोणी ती गोष्ट हसत हसत सांगायला लागलं की मला सहन होत नाही. नदीकाठच्या माणसाला ती जुनी गोष्ट वाटत नाही.

---

सदाफुली७

माया, वाचून काटा आला. तांडेलांचं आणि त्या खलाशांचं लिहिलंस ते बरं केलंस. त्यांच्याही घरी कोणीतरी वाट बघत असणारच ना, त्यांच्या नावाचा कडा नाही कुठे.

---

गोमुख

सावित्रीच्या पुराणातल्या गोष्टीबद्दल विचारलं होतं, मी सांगतो. आमचं येणंजाणं क्षेत्र महाबळेश्वरला असतं, पंचगंगेच्या देवळात.

ब्रह्मदेवाने इथे यज्ञ मांडला. आर्थर सीटच्या एका अंगाला जोरचं खोरं आहे ना, त्या रानाला आजही ब्रह्मारण्य म्हणतात. यज्ञाला पत्नी शेजारी हवी, मुहूर्त आला तरी सावित्री आली नाही, तयारीत तिला उशीर झाला. मग गायत्रीला बसवलं आणि यज्ञ सुरू केला. सावित्री आली, बघते तर आपल्या जागी दुसरी. संतापली आणि सगळ्यांना शाप दिला की तुम्ही नद्या व्हाल. विष्णूची कृष्णा झाली, शंकराची वेण्णा, ब्रह्मदेवाची ककुद्मती म्हणजे कोयना. सावित्री आणि गायत्री दोघीही नद्या झाल्या.

आता नकाशा समोर घ्या. कृष्णा, वेण्णा, कोयना तिघी पूर्वेकडे देशावर उतरतात आणि पुढे एक होतात. सावित्री एकटी उलट्या दिशेला, पश्चिमेला, सगळ्यात उंच कडा गाठून कोकणात झेप घेते. देव सगळे एकीकडे आणि ती दुसरीकडे. ज्यांनी ही कथा रचली त्यांनी हा मुलूख पायाखाली घातलेला होता हे नक्की, पाणी कुठे कसं जातं ते बघून त्यांनी प्रत्येकाचा स्वभाव ठरवलाय.

म्हणून माझं मत असं की हा कडा मॅलेटच्याही आधीपासून नवराबायकोच्याच गोष्टीचा आहे. एकीत नवऱ्याने बायकोची वाट बघितली नाही म्हणून ती गेली, दुसरीत नवरा वाट बघतच बसला. गाईड लोकांनी दोन्ही सांगाव्यात.

---

कोयनाकाठ

गोमुखकाका, हे इतकं सुंदर मांडलंत! तिघी पूर्वेला आणि ती एकटी पश्चिमेला हे मी नकाशात शंभरदा बघितलं असेल पण रुसून गेली या नजरेने कधी बघितलं नव्हतं. देवळात गोमुखातून सगळं पाणी एकत्र पडतं तिथे उभं राहून हे कोणीच का सांगत नाही?

---

घाटवाटा

थोडं अवांतर. डोंगरांच्या नावात लग्न आणि नवराबायको फार आहेत आपल्याकडे. आसनगावजवळचा माहुली घ्या, भंडारगडाच्या बाजूला सुळके आहेत त्यांची नावं नवरा, नवरी, करवली आणि भटोबा. अख्खं लग्नघर उभं आहे. वजीर सुळका वेगळा. वऱ्हाड जाता जाता दगड झालं ही गोष्ट तर घाटावर आणि कोकणात कितीतरी गावांत ऐकायला मिळते, कारण प्रत्येक ठिकाणी वेगळं. माहुली मुंबईच्या लोकलमधून दिसतो, कसाऱ्याला जाणाऱ्या गाडीत उजवी-डावी न करता विचारा कोणालाही, नवरा-नवरी दाखवतील. तिथे १६३६ ला शहाजीराजांनी निजामशाहीचा शेवटचा लढा दिला, पण लोकांच्या तोंडी आधी येतं ते वऱ्हाड.

फरक बघा, तिथे माणसांची नावंच नाहीत. नवरा कोण, नवरी कुठली, काही नाही. आर्थर सीटला नाव आहे, साल आहे, थडगं आहे. तरी गाईडने ती इतकी सैल केली की तीही त्या सुळक्यांसारखीच झाली.

---

जावळीचा वाघोबा

घाटवाटा, गाईडला एवढं नका बोलू. आमच्या गावचे आहेत बरेच जण. सीझनला टॅक्सीवाला एका पॉइंटला दहा मिनिटं देतो, त्यात पार्किंग, माकडं, मक्याचं कणीस, फोटो आणि गोष्ट. त्यात बाणकोट आणि रेसिडेंट कुठे बसवायचा त्याने? त्याला कोणी कधी नीट माहिती दिली नाही, त्याने आज्याकडून ऐकलेली सांगितली. मी या धाग्यातलं सगळं काढून मराठीत एका पानावर छापून देणार आहे आमच्या पोरांना, कोयनाकाठताई आणि गोमुखकाका परवानगी द्या.

---

कोयनाकाठ

दादा, परवानगी कसली, नक्की द्या! हीच तर इच्छा होती. फक्त चार गोष्टी त्यात असू द्या: आधीचं नाव मढीमहाल, अपघात बाणकोटला झाला, सावित्रीचा राग, आणि बोटीवरचे खलाशी. सालं कमी असली तरी चालतील, पण खलाशी सोडू नका.

---

गोमुख

माझीही परवानगी. ब्रह्मारण्य शब्द टाका, पोरांना रान दाखवताना उपयोगी पडेल.

---

निवांत_नाशिक

बाणकोटला जायचं म्हटलं तर कसं जावं? आम्ही दोघं ज्येष्ठ नागरिक, गाडी स्वतःची आहे. महाबळेश्वर आणि बाणकोट एकाच ट्रिपमध्ये जमेल का?

---

महाडची माया

काका, आरामात जमेल. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूर उतरा, प्रतापगडाचा फाटा वाटेतच आहे. मग महाडला राहा एक रात्र, आमचं चवदार तळं बघा. दुसऱ्या दिवशी आंबेत-म्हाप्रळ मार्गे मंडणगडकडे आणि तिथून बाणकोट, जाताना सावित्रीची खाडी अधूनमधून सोबत करत राहते आणि बघता बघता रुंद होत जाते. किल्ल्यापर्यंत गाडी जवळ जाते, फार चढ नाही. परत येताना वेसवीला जा, तिथून गाडीसकट फेरीबोटीत बसायचं आणि पलीकडे बागमांडल्याला उतरायचं, पुढे हरिहरेश्वर अगदी जवळ. फेरीत गाडीतून उतरून कठड्याशी उभे राहा, पश्चिमेला बघितलं तर खाडीचं तोंड दिसतं, लाटा कुठे फुटतात ते कळतं. पावसाळा मात्र टाळा, आंबेनळी घाटात दरडी येतात. दिवाळीनंतर केव्हाही जा.

---

घाटवाटा

वाघोबा, दिवाळीनंतर आम्हीही ढवळे घाट करायचा म्हणतोय, खालून वर. जोरच्या पाण्याला तेव्हा पाणी असतं का, आणि ढवळ्यात रात्री राहायची सोय होईल का? वाट दाखवायला गावातला कोणी मिळाला तर बरं, रान दाट आहे असं ऐकलंय.

---

जावळीचा वाघोबा

पाणी असतं तेव्हा, काळजी नको. राहायला देवळात नाहीतर कोणाच्याही पडवीत जागा मिळते, जेवणाचं आदल्या दिवशी सांगून ठेवा. वाटाड्या घ्याच, चंद्रगडाहून घाटाला लागताना ढोरवाटांत फसायला होतं. आणि पहाटे अंधारात निघा, म्हणजे कड्याखाली ऊन व्हायच्या आत पोचाल. निरोप करा, मी ढवळ्यात कोणालातरी सांगून ठेवतो.